पायाची मालिश: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

भाची बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. सिझेरियन झालेलं. मी अळिवाचे लाडू घेऊन गेले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि तिच्या हातात एक रंगीत कागद होता. कागदावर दोन तळपाय. अंगठ्याच्या गादीवर ‘पिट्यूटरी’, चवड्याच्या वरच्या बाजूला ‘स्तन’, घोट्याजवळ ‘गर्भाशय’. खाली छापलेलं: दुग्धवृद्धी रिफ्लेक्सॉलॉजी, 10 सिटिंग, 12,000 रुपये, कर वेगळा. जिथे बाळंतपण झालं तिथल्याच काउंटरवर तिला हा कागद मिळाला होता आणि तिने निम्मे पैसे भरूनही टाकले होते. बाळ रडत होतं. घरात येणारा प्रत्येक जण “दूध पुरत नाही वाटतं” असं म्हणून जात होता.

अकरा दिवसांच्या बाळंतिणीकडून असा पैसा सहज निघतो, कारण ती घाबरलेली असते. म्हणून या लेखात दर तर सांगणारच आहे, पण त्याआधी या पैशात काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते सांगायला हवं. घरात कॅन्सरचा, मधुमेहाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर त्याच्याकडेही हाच कागद वेगळ्या मथळ्याने येतो, तेव्हा हे त्यांच्यासाठीही आहे.

तळपायाच्या नकाशाची गोष्ट फार जुनी नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. शरीराचे उभे दहा पट्टे असतात आणि एका पट्ट्यात दाब दिला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या अवयवावर परिणाम होतो, असं त्यांनी मांडलं. त्यांचं पुस्तक 1917 मध्ये आलं. पुढे 1930च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती कल्पना पायांवर आणली आणि कुठल्या अवयवाचा बिंदू कुठे, याचा तपशीलवार नकाशा काढला. आज केंद्रांच्या भिंतींवर दिसतात ते तक्ते त्या नकाशाचीच लेकरं-नातवंडं. दोन वेगवेगळ्या केंद्रांतले तक्ते शेजारी ठेवून पाहिले तर सगळे बिंदू एका जागी सापडत नाहीत. अंगठ्याच्या गादीतून पिट्यूटरीकडे जाणारी कुठलीही वेगळी वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही.

मग उपयोग काहीच नाही का? तसंही नाही. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातले एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये 18 चाचण्या एकत्र तपासल्या आणि कुठलाही आजार रिफ्लेक्सॉलॉजीने बरा होतो असं खात्रीने म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. मिशिगनमधल्या संशोधकांनी स्तनांच्या वाढलेल्या कॅन्सरच्या 385 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रिफ्लेक्सॉलॉजी घेणाऱ्या स्त्रियांची धाप कमी झाली, रोजची हालचाल थोडी सोपी झाली. वेदना, मळमळ आणि चिंता यांत फरक पडला नाही. या अभ्यासात एका गटाला बिंदूबिंदू न पाहता नुसतीच पायाची मालिश दिली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याला तोच प्रश्न विचारायचा असतो: फायदा झाला तो बिंदूचा, की मायेच्या हाताचा?

आता दूध. दूध तयार होणं प्रोलॅक्टिनवर चालतं आणि ते पान्ह्याने बाहेर येणं ऑक्सिटोसिनवर. स्तन जितक्या वेळा रिकामे होतील तितकं दूध बनतं. बाळाला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं ते यासाठीच. ताण, वेदना आणि जागरण यांनी दूध आटत नाही, पण पान्हा अडकतो. बाई शांत झाली, पाय सैल पडले, खांदे उतरले, की पान्हा मोकळा होतो. पायाची मालिश इथे मदत करू शकते. इराण आणि इंडोनेशियात मालिश आणि दूध यांवर लहान लहान अभ्यास झाले आहेत, पण त्यांवरून कुणी “दूध वाढवण्याची हमी” देऊ लागलं तर तिथून उठावं. कागदावर ‘दुग्धवृद्धी’ लिहिलं की दर वाढतो, हात तोच राहतो.

दूध खरंच कमी आहे का, हे ओळखायला पैसे लागत नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसाला किमान सहा वेळा लघवी करतं का? दोन आठवड्यांत त्याचं वजन जन्मावेळच्या वजनाला परत आलं का? पाजताना त्याने घोट घेतलेला ऐकू येतो का? पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनात सात-आठ टक्के घट होणं नेहमीचं आहे. दहा टक्क्यांच्या वर गेली तर बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जायचं. आणि खरंच दूध कमी असेल तर कारण वेगळंच असतं: बाळाने स्तनाग्र नीट तोंडात घेतलेलं नसतं, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं, वार अर्धवट आत राहिलेली असते, थायरॉइडचा त्रास असतो. यातलं काहीही अंगठा दाबून सुटत नाही.

भाचीच्या बाबतीत बाळाचं तोंड पुरेसं उघडत नव्हतं. स्तनपान सल्लागार बाई एकदा घरी आल्या, दीड तास बसल्या, बाळाला कसं धरायचं ते तिच्या हाताने करवून घेतलं. दीड हजार रुपये घेतले. आठवड्याने पुन्हा एकदा आल्या. एकूण 3,000. बारा हजारांचं पॅकेज आणि त्यावरचा कर मिळून 12,600 झाले असते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला मी प्रत्येक नव्या आईला सांगते.

त्याहीआधी फुकटचं दार ठोठवा. सरकारी रुग्णालयांत ‘मा’ कार्यक्रमाखाली 2016 पासून स्तनपानाची मदत देतात. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर आशाताईंनी बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी यायचं असतं, तेही विनामूल्य. ताई आली की तिला “सगळं ठीक आहे” म्हणून दारातून परत पाठवू नका. तिच्यासमोर बाळाला पाजा आणि वजन करून घ्या. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये देशातली पहिली दुग्धपेढी सुरू झाली आणि स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था बीपीएनआय 1991 मध्ये वर्ध्यात जन्मली. आपल्या राज्यात हे ज्ञान मुरलेलं आहे. ते रंगीत कागदांमागे झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

दर काय आहेत?

पुढचे आकडे अंदाजासाठी आहेत. गाव, पेठ आणि हंगाम यांप्रमाणे ते हलतात, म्हणून फोनवर खात्री करूनच निघा.

मॉलमध्ये किंवा मोठ्या रस्त्यावरच्या स्पामध्ये अर्ध्या तासाची पायाची रिफ्लेक्सॉलॉजी 500 ते 1,000 रुपयांत मिळते, तासाभराची 1,000 ते 2,000 मध्ये. पंचतारांकित हॉटेलात हाच तास चार हजारांच्या पुढे जातो. तिथे आपण संगीत, टॉवेल आणि शांतता यांचे पैसे देतो. अॅपवरून घरी बोलावलं तर साधारण 1,000 ते 1,800, पण बहुतेक ठिकाणी किमान बिलाची अट असते, त्यामुळे फक्त पायाची मालिश हवी असली तरी सोबत डोक्याची घ्यावी लागते. ट्रस्टच्या दवाखान्यांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या अॅक्युप्रेशर केंद्रांत 50 ते 150 रुपयांत काम होतं. निसर्गोपचार संस्थांचे दरही बाजारापेक्षा खाली असतात. पुण्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, उरुळी कांचनला गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेला आश्रम आहे. तिथे आधी तपासणी होते आणि मग उपचार ठरतो. हा क्रम मला पटतो.

करावर एक शब्द. 22 सप्टेंबर 2025 पासून सलून, स्पा, जिम अशा सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. जुन्या दरपत्रकावर अजून 18 टक्के लावलेले दिसले तर थांबवून विचारा. बिलावर 15 अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक असायला हवा, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, गोव्यातला 30 ने. क्रमांक नसेल तर कर घेण्याचा अधिकारही नाही. आणि हे बिल आणखीही एक गोष्ट सांगतं. मान्यताप्राप्त वैद्यकीय उपचारांवर हा कर नसतो. स्पाच्या बिलावर तो लागतो, कारण कायद्याच्या दृष्टीने ती तब्येतीला बरं वाटावं म्हणून घेतलेली सेवा आहे, उपचार नाही. म्हणूनच आरोग्य विम्याकडून या पैशांची परतफेड सहसा होत नाही. “विम्यातून मिळतील” असं काउंटरवर कुणी सांगितलं तर पॉलिसीतला तो मुद्दा दाखवायला सांगा.

मालिश करणारी माणसं मात्र स्वस्तात राबतात. स्पातल्या मुलीच्या हाती तुमच्या 1,200 मधले किती येतात ते तिला विचारून पाहा. मी बक्षीस द्यायचं तर तिच्या हातात देते, काउंटरवर नाही.

मालिशवाल्या मावशी

स्पा शहरात आला त्याच्या कितीतरी आधीपासून बाळंतिणीचे पाय चोळणारा हात आपल्याकडे होता. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाई, मालिशवाल्या मावशी, काही घरांत सुईणबाई. त्या बाळाचं आणि बाळंतिणीचं दोन्हीचं करतात आणि त्यांच्या कामात तळपाय येतोच. पुण्या-मुंबईत दोघांचं मिळून दिवसाला 600 ते 1,000 रुपये पडतात, तालुक्याच्या गावी 200 ते 400. सव्वा महिना म्हणजे लोक 40 दिवस धरतात, तेव्हा शहरात 800 च्या दराने 32,000 आणि गावी 300 च्या दराने 12,000. शेवटच्या दिवशी साडी-चोळी आणि ओटी, हा खर्च वेगळा; तो आनंदाने करावा.

पहिल्याच दिवशी बसून ठरवून घ्या: सुट्ट्या किती, न आलेल्या दिवसाचे पैसे कापायचे का, तेल कुणाचं, बाळाची अंघोळ धरून का, बाळाचे कपडे धुणं धरून का. सगळ्यात जास्त भांडणं याच कारणांवरून होतात आणि बाळंतिणीच्या खोलीत भांडण नको. फक्त आईच्या पायांची अर्धा तास मालिश हवी असेल तर त्याचा वेगळा दर विचारा. बऱ्याच मावशी 200-300 मध्ये तयार होतात आणि स्पापेक्षा त्यांचा हात मला तरी जास्त जाणता वाटतो.

काही गोष्टी त्यांना हात जोडून सांगाव्या लागतात. बाळाची छाती पिळायची नाही. काही ठिकाणी “दूध काढतात” म्हणून ती पिळतात आणि गळू होतं. बाळाच्या कानात-नाकात तेल घालायचं नाही. बंद खोलीत शेगडी आणि धुरी नको. आईचं पोट सिझेरियननंतर दाबायचं नाही, टाके भरेपर्यंत तिथे हातही नाही. आणि स्तनात गाठ आली, लाली आली, ताप आला तर “चोळून मोकळं करते” म्हणणाऱ्या हाताला थांबवायचं. पूर्वी जोरात चोळायला सांगत. आता डॉक्टर ते टाळायला सांगतात, कारण सूज वाढते. थंड शेक, बाळाला नेहमीसारखं पाजणं आणि ताप टिकला तर डॉक्टर.

काशाची वाटी सध्या पुन्हा जोरात आहे. चांगली वाटी 400 ते 900 रुपयांत मिळते आणि दहा वर्षं टिकते, त्यामुळे घरच्या मालिशीसाठी घेण्यासारखी वस्तू आहे. रस्त्याच्या कडेला वाटीचं मशीन लावून दहा-पंधरा मिनिटांचे 100 ते 200 घेतात. पाय काळे झाले की “बघा, उष्णता बाहेर आली” म्हणतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. तुपातेलाबरोबर आणि घामाबरोबर घासलं गेलं की धातूचे सूक्ष्म कण काळपट दिसतात. पाय कितीही निरोगी असला तरी तो काळा होणारच. मालिशीने बरं वाटतं ते मात्र खरं. मशीनवर बसायचंच असेल तर वाटी पुसलेली आहे ना, आधीच्या माणसाच्या पायाला भेगा किंवा नायटा नव्हता ना, एवढं बघून बसा.

कुणी पाय पुढे करू नये

हा भाग मी दरांच्याही आधी लिहिणार होते, मग वाटलं दर वाचायला आलेला वाचक इथपर्यंत तरी येईल.

बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा बराच जास्त असतो, सिझेरियन झालेलं असेल तर आणखी. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, लालसर दिसते, तर त्या पायाला कुणाचाही हात लागता कामा नये. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मालिशवाली नको, नवऱ्याने “जरा दाबून देतो” म्हणणंही नको. त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर 108. दोन्ही पाय सुजणं बाळंतपणानंतर नेहमीचं असलं तरी सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील तर रक्तदाब मोजा. बाळंतपणानंतरही तो वाढू शकतो. चांगला थेरपिस्ट या दोन गोष्टी स्वतःहून विचारतो. नाही विचारल्या तर तिथे पैसे देऊ नका, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत.

प्रमाणपत्रांबद्दलही सांगते. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे नोंदणी असते आणि ती तपासता येते. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तशी सक्तीची सरकारी नोंदणी नाही. तीन दिवसांच्या वर्गाचंही प्रमाणपत्र चकचकीत असतं. त्यामुळे “कुठे शिकलात” यापेक्षा “बाळंतीण किंवा रुग्ण आला तर काय बघता” हे विचारा. उत्तरातून माणूस कळतो.

मधुमेही माणसाचं प्रकरण वेगळं आहे. त्याच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. अॅक्युप्रेशरवाले टोकदार लाकडी काठीने, ज्याला ते जिमी म्हणतात, बिंदू दाबतात आणि “दुखलं तर सांगा” म्हणतात. ज्याला दुखणं कळतच नाही, तो काय सांगणार? माझ्या सासऱ्यांच्या पायाला असाच व्रण झाला होता. दाबणारा माणूस दुष्ट नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. पुढे तीन महिने ड्रेसिंग. पन्नास रुपयांच्या त्या सिटिंगने किती खर्च करवला ते अजून आठवतं. मधुमेह्याच्या पायाला मालिश चालते, पण नुसत्या तळहाताने, हलकी, काठी आणि काटेरी चपलेशिवाय. गरम पाण्यात पाय बुडवण्याआधी पाणी दुसऱ्याने कोपराने तपासायचं. झाल्यावर बोटांच्या बेचक्यांसकट पाय बघायचा.

कॅन्सरचा उपचार चालू असताना प्लेटलेट कमी असतील तर जोराचा दाब म्हणजे काळे-निळे डाग. हाडांत पसरलेला आजार असेल तर हाड मोडण्याची भीती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी तेच. त्यामुळे ताज्या रिपोर्टसह डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “पायाला हलकी मालिश चालेल का?” बहुतेक वेळा “चालेल” असंच उत्तर येतं. किमोनंतर थकलेल्या माणसाला कुणीतरी अर्धा तास फक्त त्याच्यासाठी बसलंय, एवढ्यानेही शांत झोप लागलेली मी पाहिली आहे. त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. औषध बंद करून याने बरं होईल असं सांगणारा मात्र घराबाहेर.

मूड फार खाली गेलाय, रडू थांबत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं बाळंतीण सांगत असेल तर तिला मालिशीच्या पॅकेजची नाही, बोलण्याची गरज आहे. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पॅकेज आणि परतावा

पॅकेज घेऊच नका असं मी म्हणत नाही, पण आधी एक सिटिंग पूर्ण दर देऊन घ्या. बाळंतिणीचं वेळापत्रक बाळ ठरवतं. दहापैकी चार वेळा तरी ती पोचणार नाही. मग “तीन महिन्यांत संपवायला हवं होतं” असं ऐकू येतं. पैसे भरण्याआधी चार ओळी लिहून मागा: मुदत किती, न वापरलेल्या सिटिंगचे पैसे परत की नाही, घरी येतील का, दुसऱ्याला वापरता येईल का. व्हॉट्सअॅपवरचं उत्तरही चालतं, फक्त ते जपून ठेवा.

भाचीने भरलेल्या सहा हजारांपैकी बरेचसे परत मिळाले, पण लगेच नाही. पहिल्यांदा “पॉलिसी नाही” म्हणाले. आम्ही जाहिरातीच्या कागदाचा फोटो, पावती आणि एक छोटं पत्र दिलं: यात दूध वाढेल असा दावा आहे, तो कशाच्या आधारे? मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी केंद्राकडे विचारणा पाठवली आणि तीन आठवड्यांनी एका सिटिंगचे 1,200 वजा करून 4,800 खात्यात आले. तसं झालं नसतं तर ग्राहक आयोगात ऑनलाइन जाता आलं असतं. आता ते ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून होतं आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पत्रात हे एक वाक्य घातलं की समोरच्याचा आवाज बदलतो.

जी एक सिटिंग तिने घेतली, तिच्याबद्दल ती अजूनही चांगलं बोलते. त्या खुर्चीत तिला अकरा दिवसांत पहिल्यांदा डुलकी लागली होती.

घरच्या घरी

तेवढी डुलकी घरीही मिळते. अर्धा लिटर तिळाचं किंवा खोबरेल तेल दोनशे-अडीचशे रुपयांचं, ते सव्वा महिना पुरतं. कापूर किंवा पुदिन्याच्या अर्काची तेलं बाळाच्या खोलीत नकोत, लहान बाळाच्या श्वासाला ती त्रासदायक असतात. मालिशीआधी बाळाला पाजून घ्या, म्हणजे मधली वीस मिनिटं कुणी उठणार नाही. आईला पालथं झोपवू नका, भरलेल्या छातीवर भार येतो. तिला टेकून बसू द्या, गुडघ्याखाली उशी द्या. आधी दोन्ही पोटऱ्या नजरेने बघा, सारख्या आहेत ना. मग तेल तळहातावर कोमट करून घोट्यापासून बोटांपर्यंत लांब, सावकाश हात. तळव्याच्या खोलगट भागात अंगठ्याने गोल, टाचेला मुठीने हलका दाब, प्रत्येक बोट मुळापासून टोकाकडे हळूच ओढून सोडायचं. एका पायाला दहा मिनिटं पुरेत. बोलायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नवऱ्यांना हे चांगलं जमतं. आमच्या जावईबापूंनी दोन दिवसांत शिकून घेतलं आणि रात्री नऊची वेळ कधी चुकवली नाही.

झाल्यावर तेल जुन्या मऊ धोतराने कोरडं पुसा, सुती मोजे घाला, हात साबणाने धुवा आणि मगच बाळाला घ्या. तेलकट पायांनी बाळ कडेवर घेऊन फरशीवरून चालू नये.